चिमूटभर मीठ आणि गळ्यातलं फुलपाखरू

मासिकाच्या मराठी विभागासाठी विषय सांगितला तेव्हा वर्गातल्या अर्ध्या मुलांनी विचारलं, "इंजिनीअरिंगच्या मासिकात हार्मोन्स कशाला? आपण बायो सोडून मॅथ्स घेतलं ते कशासाठी?" प्रश्न बरोबर आहे. पण मी सांगते, कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकात नसेल इतकं सुंदर कंट्रोल सिस्टिम आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात बसवलेलं आहे. ते चोवीस तास चालतं, त्याला मेंटेनन्स लागत नाही, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ. शिवाय या विषयाचा माझ्या आजोळाशी, म्हणजे अलिबाग तालुक्यातल्या चौलशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी एक कबुली. आम्ही कॉन्व्हेंटवाले. 'थायरॉइड'ला मराठीत 'अवटू ग्रंथी' म्हणतात आणि 'हार्मोन'ला 'संप्रेरक', हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. शब्द छान आहेत, पण घरात कुणी 'माझी अवटू वाढली' म्हणत नाही, 'मला थायरॉइड आहे' असंच म्हणतात. (खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो, पण ते असो!) म्हणून मीही इथे बोलीतलेच शब्द वापरणार आहे.

हार्मोन म्हणजे नक्की काय?

शरीरात निरोप पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे नसांची वायरिंग. गरम तव्याला बोट लागलं की हात क्षणात मागे येतो, ते या वायरिंगमुळे. दुसरी पद्धत पोस्टासारखी. एक ग्रंथी रक्तात एक रसायन सोडते. रक्त ते सगळ्या शरीरात फिरवतं, पण ज्या पेशींकडे ते वाचायची सोय आहे त्याच पेशी त्यावर काही करतात, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. हे रसायन म्हणजे हार्मोन.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवून दिलं की आतड्यातून निघालेलं एक रसायन रक्तातून स्वादुपिंडापर्यंत जातं आणि त्याला पाचकरस सोडायला लावतं, मधल्या नसा तोडल्या तरीसुद्धा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं सिक्रेटिन. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या निरोप्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. त्याचा मूळ ग्रीक अर्थ आहे चालना देणं, हलवून जागं करणं.

हार्मोन्स ढोबळमानाने तीन घराण्यांतली असतात. पहिलं घराणं प्रथिनांचं. इन्सुलिन त्यातलंच. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आधी एक लांब साखळी विणतात, मग तिची घडी घालतात आणि मधला तुकडा कापून टाकतात. उरतात २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एकमेकींना जोडलेल्या. एकूण ५१ मणी. दुसरं घराणं स्टिरॉइडचं. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही सगळी कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलला आपण उठता-बसता शिव्या देतो, तोच यांचा कच्चा माल! तिसरं घराणं एकट्या अमिनो आम्लापासून बनलेल्या छोट्या रेणूंचं. ॲड्रेनलिन यातलं, आणि आपल्या गोष्टीची नायिका, थायरॉइडची हार्मोन्सही यातलीच.

गळ्यातला कारखाना

कंठाच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक छोटी ग्रंथी असते. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. हाच थायरॉइड. सूक्ष्मदर्शकाखाली ती असंख्य गोल पिशव्यांची बनलेली दिसते. प्रत्येक पिशवीच्या भिंतीत एकेरी थराने पेशी बसलेल्या, आणि आत मधासारखा घट्ट द्रव भरलेला.

आता प्रोसेस बघू, अगदी फ्लोचार्टसारखी.

पहिली पायरी, माल आत घेणं. रक्तात आयोडाइड अगदी थोडं असतं, आणि पेशीच्या आत ते वीस-चाळीस पटीने जास्त लागतं. चढावर पाणी न्यायचं तर पंप हवाच! पेशीच्या भिंतीवर तसा पंप असतो. दोन सोडियम आयन उतारावरून आत येताना एका आयोडाइड आयनाला सोबत ओढून आणतात.

दुसरी पायरी, जोडणी. पेशी थायरोग्लोब्युलिन नावाचं एक भलंमोठं प्रथिन तयार करून पिशवीत सोडते. त्यावर टायरोसिन हे अमिनो आम्ल जागोजागी असतं. एक एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने आयोडाइडला चलाख बनवतं आणि ते टायरोसिनला चिकटतं. कुठे एक अणू चिकटतो, कुठे दोन.

तिसरी पायरी, जुळणी. दोन अणूवाले दोन तुकडे जुळले की चार आयोडीनचं थायरॉक्सिन तयार होतं, म्हणजेच टी-४. एकवाला आणि दोनवाला जुळले की तीन आयोडीनचं टी-३. रिपोर्टवर दिसणारे ते आकडे म्हणजे आयोडीनच्या अणूंची मोजणी, दुसरं काही नाही! टी-४ च्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग नुसता आयोडीनचा असतो. म्हणून आयोडीन नाही तर थायरॉक्सिन नाही. पर्यायी माल चालत नाही.

चौथी पायरी, गोदाम. बाकी ग्रंथी सहसा थोडाच साठा ठेवतात, पण थायरॉइड दोन-तीन महिने पुरेल इतका माल त्या पिशव्यांमध्ये साठवून ठेवतो. पावसाळ्याआधी कोकणात घरोघरी सामानाची बेगमी करतात, तसंच.

१९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. त्याची खरी रचना १९२६ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टनने उलगडली आणि १९२७ मध्ये बार्गरबरोबर ते प्रयोगशाळेत तयारही केलं.

निरोप पोचतो कसा?

इन्सुलिनसारखी प्रथिन-हार्मोन्स पेशीच्या आत शिरत नाहीत. ती बाहेरच्या भिंतीवरच्या रिसेप्टरला चिकटतात, बेल वाजवतात, आणि आतली माणसं कामाला लागतात. इन्सुलिनने बेल वाजवली की स्नायूंच्या पेशी आत दडवलेली साखरेची दारं भिंतीवर आणून लावतात आणि रक्तातली साखर आत जाते. ॲड्रेनलिनचंही असंच, म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडताच छाती धडधडते. हा निरोप सेकंदांचा.

थायरॉइडची पद्धत वेगळी. टी-४ हा तसा कच्चाच निरोप. यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयवांत त्यातला एक आयोडीन काढून घेतला जातो आणि त्याचं टी-३ होतं. ते खरं काम करणारं. टी-३ पेशीच्या आत, थेट केंद्रकात जातं. तिथे डीएनएवर आधीच बसलेल्या रिसेप्टरला ते मिळतं आणि काही जीन्स चालू, काही बंद होतात. नवी प्रथिनं बनतात, ऊर्जेचा वापर वाढतो, शरीर उबदार राहतं, हृदयाची गती सांभाळली जाते, लहान बाळाचा मेंदू घडतो. हे काम क्षणाचं नाही, दिवसांचं आणि आठवड्यांचं. बेल वाजवणं आणि घराचा प्लॅनच बदलणं, यात जो फरक तोच इथे.

आपला आवडता विषय : फीडबॅक

आता खरी इंजिनीअरिंगची गंमत. थायरॉइडला किती माल काढायचा हे कोण सांगतं? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती टीएसएच नावाचं हार्मोन सोडते, म्हणजे थायरॉइडला 'कामाला लाग' म्हणणारा हुकूम. पिट्युटरीच्या वर हायपोथॅलॅमस, तो पिट्युटरीला हुकूम देतो. आणि रक्तात टी-४, टी-३ पुरेसं झालं की तेच वर जाऊन या दोघांना सांगतं, 'आता पुरे.' झालं निगेटिव्ह फीडबॅक लूप!

हॉस्टेलचा गिझर आठवा. पाणी तापलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, गार झालं की चालू. इथे पिट्युटरी हा थर्मोस्टॅट, थायरॉइड ही कॉइल. आता सांगा, कॉइल खराब झाली तर काय होईल? पाणी गारच राहील आणि थर्मोस्टॅट 'चालू, चालू, चालू' म्हणत राहील. म्हणून थायरॉइड कमी काम करत असेल तर रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसतं. पुष्कळ लोकांचा इथेच गोंधळ होतो. 'टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉइड जास्त काम करतोय' असं त्यांना वाटतं. उलट आहे! साहेब ओरडतोय याचा अर्थ कामगार झोपलाय.

या लूपचा गेनही जबरदस्त. टी-४ थोडंसं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटीने वर जातं. म्हणून डॉक्टर आधी टीएसएच बघतात. बारीक बिघाड तिथेच आधी दिसतो.

आणि टाइम कॉन्स्टंट? टी-४ चा रक्तातला हाफ-लाइफ साधारण सात दिवस. फर्स्ट ऑर्डर सिस्टिम धरलं तर पाच हाफ-लाइफमध्ये, म्हणजे पस्तीस दिवसांत, ते नव्या पातळीच्या ९७ टक्क्यांपर्यंत पोचतं. गोळीचा डोस बदलल्यावर डॉक्टर 'सहा आठवड्यांनी टेस्ट करा' का म्हणतात, त्याचं उत्तर हेच. आठ दिवसांत टेस्ट करून 'फरकच नाही' म्हणणं म्हणजे गिझर लावून दहाव्या सेकंदाला बादलीत हात घालणं.

आता समजा कॉइल ठीक आहे, पण वीजच नाही. म्हणजे थायरॉइड धडधाकट आहे, पण आयोडीन मिळत नाही. टीएसएचचा हुकूम चालूच राहतो. ग्रंथी बिचारी माल काढू शकत नाही, मग ती काय करते? स्वतःला मोठं करते, म्हणजे जे काही थोडं आयोडीन रक्तात येईल ते जास्तीत जास्त पकडता येईल. वर्षानुवर्षं असं चाललं की गळा फुगतो. यालाच गलगंड म्हणतात.

चौलचा समुद्र आणि मिठाचं गणित

चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचं देऊळ, टेकडीवरचे दत्तगुरू, आणि शेजारी रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला नि कुंडलिकेची खाडी. एके काळचं नावाजलेलं बंदर. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४६९ मध्ये इथेच उतरला होता. अशा समुद्रकाठच्या गावात आयोडीनची काय कमी? समुद्रात आयोडीन असतं हे शाळेत शिकलोय. पेण-उरणकडे मिठागरंही आहेत. आजीचं ठाम मत, "आमचं खड्याचं मीठ दर्याचंच, त्यात सगळं आलं. पुडीतलं मीठ शहरातल्यांना."

ऐकायला पटतं. पण आपण इंजिनीअर, आकडे मांडून बघू.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन साधारण ६० मायक्रोग्रॅम. सगळं पाणी आटवलं आणि आयोडीनचा एक कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी १ ग्रॅम मिठात किती? ६० भागिले ३५, म्हणजे सुमारे १.७ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या मिठातून ती भागवायची तर रोज ८७ ग्रॅम मीठ खावं लागेल! आणि हे झालं आदर्श गणित. प्रत्यक्षात मिठागरात मिठाचे खडे खाली बसतात आणि आयोडीन बरंचसं वरच्या उरलेल्या कडू पाण्यात राहतं. ते पाणी तर टाकून देतात.

म्हणजे दर्याचं मीठ दर्याचं असलं तरी त्यात आयोडीन नावापुरतंच. समुद्रातल्या मासळीत आणि शेवाळात मात्र ते बऱ्यापैकी असतं, कारण ते जीव आयोडीन गोळा करून ठेवतात. पण मासळी सगळ्यांच्या घरी शिजत नाही. वाडीतल्या कितीतरी घरांत शाकाहार आहे, आणि मासे खाणाऱ्यांकडेही श्रावण असतो, मासेमारीची पावसाळ्यातली बंदी असते. म्हणून 'किनाऱ्यावर राहतो म्हणजे आयोडीनची काळजी नको' हे गणितात बसत नाही.

आता आयोडीनयुक्त मिठाचं गणित. नियमाप्रमाणे कारखान्यात ३० पीपीएम आणि घरात पोचेपर्यंत किमान १५ पीपीएम आयोडीन हवं. १५ पीपीएम म्हणजे १ ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेलं की झाले १५० मायक्रोग्रॅम. गरज आणि पुरवठा बरोब्बर जुळले. ७० वर्षांच्या आयुष्यात लागणारं एकूण आयोडीन मोजलं तर ४ ग्रॅमही भरत नाही. चहाचा चमचाही भरणार नाही एवढ्यावर सगळा खेळ!

आणखी एक केमिस्ट्री. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडाइड नाही, पोटॅशियम आयोडेट घालतात. दमट हवेत आयोडाइडचं आयोडीन होऊन उडून जातं, आयोडेट टिकून राहतं. कोकणच्या पावसाळ्यात मिठाला कसं पाणी सुटतं ते आपण बघतोच. म्हणून आयोडीनयुक्त मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि ओलीपासून लांब ठेवावं.

कांग्रा खोऱ्यातला प्रयोग

हे सगळं कागदावरचं गणित नाही. १९५६ पासून हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाच्या वर वस्तीवर प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ, एका भागात साधं. काही वर्षांनी बघितलं तर आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंड स्पष्ट कमी झालेला, साध्या मिठाच्या भागात जवळजवळ तसाच. मग तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही गलगंड उतरला. कंट्रोल ग्रुप असलेला इतका साफ प्रयोग वाचून आपल्या लॅबच्या जर्नल्सची लाज वाटते!

१९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे कळलं की आयोडीनची कमतरता फक्त हिमालयाच्या पायथ्याशी नाही, देशात सगळीकडे कमी-जास्त आहे. १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नाव आणि व्याप्ती वाढवली. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला १९९८ मध्ये बंदी आली, २००० मध्ये ती उठली, आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली.

आळस नव्हे, आजार

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी मावशी चौललाच दिलेली. वाडी, गुरं, पाहुणे, सगळं एकहाती करणारी. हळूहळू ती मंदावली. सकाळी उठवेना, अंग जड, वैशाखातही गार वाटायचं, केस गळायचे, वजन वाढलेलं, आवाज घोगरा. घरात म्हणायला लागले, "आळस भरलाय हिच्यात. बसून खायची सवय लागली." तिलाही ते खरं वाटायला लागलं. दीड-दोन वर्षं हे चाललं. शेवटी एका डॉक्टरांनी साधी रक्ताची टेस्ट सांगितली. टीएसएच साठच्या वर! रोज सकाळी एक इवलीशी गोळी सुरू झाली. तीन-चार महिन्यांत मावशी पुन्हा पहाटे उठून वाडीत पाणी लावायला लागली. कुणी तिची माफी मागितली नाही, आणि तिनेही ती मागितली नाही.

तिच्या घरात आयोडीनचंच मीठ होतं. मग हे कसं? कारण आज मोठ्या माणसांत थायरॉइड मंदावण्याचं एक मोठं कारण वेगळं आहे. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच चुकून थायरॉइडवर हल्ला करते. १९१२ मध्ये जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी त्याचं वर्णन केलं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. अशा वेळी जास्त मीठ खाऊन काही होत नाही, उलट ब्लडप्रेशर वाढेल. कॉइलच जळली तर व्होल्टेज वाढवून काय उपयोग? मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांत झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद आढळला. म्हणजे आपल्या साठ जणांच्या वर्गातल्या आया मोजल्या तर सहा-सात तरी निघतील. त्यातल्या किती जणींना 'आळशी' म्हटलं जात असेल?

सगळ्यात नाजूक भाग बाळांचा. पोटातल्या बाळाचा थायरॉइड पहिल्या तीन महिन्यांत कामाला लागलेलाच नसतो. तोवर त्याचा मेंदू घडतो तो आईच्या थायरॉक्सिनवर. म्हणून गरोदरपणात टीएसएच बघतात आणि आधीपासून गोळी चालू असेल तर डोस बहुधा वाढवावा लागतो. शिवाय हजार-बाराशे बाळांमागे एखादं बाळ जन्मतःच मंद थायरॉइड घेऊन येतं. ते दिसायला छान, गुटगुटीत, शांत. 'किती गुणी बाळ, रडतच नाही' म्हणतात! पण पहिल्या काही आठवड्यांत औषध मिळालं नाही तर बुद्धीचं नुकसान कायमचं. वेळेत मिळालं तर ते बाळ तुमच्या-माझ्यासारखं शिकतं. तपासणी केवढी, तर टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती, पण सगळ्या देशात प्रत्येक बाळाची ती होते असं नाही. म्हणून घरात बाळ आलं की डॉक्टरांना आपण विचारायचं, "टीएसएच बघितलं का?"

शेवटी, पाठ करण्यासारख्या चार गोष्टी

एक, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा. सैंधव उपवासापुरतं ठीक, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाकिटावर आयोडीनची खूण बघून घ्या.

दोन, आयोडीन मिळावं म्हणून मीठ वाढवू नका. मीठ बेतानेच, पण योग्य ते.

तीन, गोळी चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा त्यानंतर. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवा. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच!

चार, मुलीला थायरॉइडची गोळी चालू आहे हे लग्न जमवताना लपवायची काही गरज नाही. चष्मा लागतो, तशी गोळी लागते. जिला डोस बरोबर बसलाय तिचं शिक्षण, नोकरी, संसार, बाळंतपण सगळं व्यवस्थित होतं. जिला तो मिळालाच नाही तिचं मात्र अवघड होतं.

तर मंडळी, या सुट्टीत घरी गेलात की दोन कामं करा. स्वयंपाकघरातल्या मिठाचं पाकीट वाचा. आणि आई, मावशी, काकू, आत्या यांच्यापैकी कुणी 'हल्ली थकवा फार येतो गं' म्हणाली, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारून एक टीएसएच करून घ्या. रिपोर्ट हातात आला की तो समजावून सांगायला तुम्ही आहातच. फीडबॅक लूप तुम्हाला आता पाठ आहे!